भेगेतला गंज

अण्णांची गाडी म्हणजे बोलेरो कॅम्पर. पुढं दोन माणसं, मागच्या बाकावर तीन आणि त्यामागं हौदा. कागदावर तिची वजन वाहायची ताकद एक टन. मंठ्यात विचाराल तर जेवढं बसेल तेवढं. अण्णांचा धंदा बोअरच्या मोटारी काढायचा आणि टाकायचा. हौद्यात मोटार ओढायचा लोखंडी घोडा, चेनपुली, दोर, पाने, बाकावर गडी. या कामाला कॅम्परच लागते. साध्या पिकअपला माणसं हौद्यात बसवावी लागतात आणि जीपमध्ये घोडा मावत नाही.

या धंद्याचं घड्याळ विजेच्या वेळापत्रकावर चालतं. शेतीची थ्री फेज पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस रात्री अकराला शेतात जातो, स्टार्टरचं बटण दाबतो, मोटार नुसती घुंऽऽ करते आणि गप्प बसते. त्याच मिनिटाला अण्णांचा फोन वाजतो. अण्णा कुणाला नाही म्हणत नसत. "एकदा नाही म्हणलं की गिऱ्हाईक परतूरला गेलंच समजा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

तीनशे फुटांच्या बोअरमध्ये जुने लोखंडी पाईप असले, तर वीस फुटी पंधरा पाईप निघतात. दोन इंची पाईप एकेक तीस किलोच्या आसपास. म्हणजे नुसते पाईपच साडेचारशे किलो. वर घोडा, मोटार, केबल आणि पाच माणसं. इथपर्यंत गाडीची तक्रार नव्हती. पण मोटारीचं काम नसलं की गाडी उभी ठेवणं अण्णांच्या जिवावर यायचं. पेरणीआधी खत, दिवाळीच्या मागंपुढं मोंढ्यात सोयाबीन. साठ किलोचे पंचवीस कट्टे टाकले की दीड टन झाला. हौदा खाली बसायला लागला, तेव्हा अण्णांनी मागच्या कमानीत एकेक पाटा वाढवला. हौदा वर आला. वर्षभरानं पुन्हा बसला, पुन्हा एकेक पाटा. आमच्याकडं याला 'गाडी मजबूत करणं' म्हणतात. पाटे विकणाऱ्यानं त्याला अजून तरी दुसरं नाव दिलेलं नाही.

गाडी भाचा चालवायचा. आक्काचा मुलगा, तेविशीचा, आयटीआयला फिटरचा ट्रेड केलेला, बोलणं कमी. तो दोनदा म्हणाला होता, "मामा, गाडी डावीकडं ओढायली." पहिल्यांदा अण्णांनी टायर बदलले. दुसऱ्यांदा म्हणाले, "स्टेअरिंग नीट धर." तिसऱ्यांदा तो म्हणाला नाही. हात उजवीकडं थोडा जास्त ठेवून चालवायची सवय त्यानं लावून घेतली.

जानेवारीतल्या एका पहाटे सलग दुसरी रात्र जागून गाडी वाटूर फाट्याकडून मंठ्याला येत होती. पुढं रस्त्यावर उसाची एकटी ट्रॉली उभी होती. तिचं चाक पंक्चर, ट्रॅक्टरवाला चाक घेऊन गेलेला. मागच्या गाड्यांनी समजून घ्यावं म्हणून ट्रॉलीमागं तीन धोंडे आणि बाभळीची एक फांदी. दिवा नाही, चमकणारी पट्टी नाही. लाईटच्या उजेडात उसाची वाढी हलली तेव्हा भाच्याला ती दिसली. त्यानं ब्रेक दाबला, गाडी उजवीकडं मारली. गाडी जरा उजवीकडं गेली आणि ब्रेक लागताच नेहमीसारखी डावीकडं ओढली. डावं नाक ट्रॉलीच्या कोपऱ्यात घुसलं. मागच्या बाकाचे पट्टे केव्हाच तुटून गेले होते. तिथला एक गडी पुढच्या सीटवर आदळला आणि त्याचं हसळीचं हाड मोडलं. बाकीच्यांचं मुक्या मारावर भागलं.

दवाखान्याच्या पायरीवर दहा माणसांसमोर अण्णा म्हणाले, "डोळा लागला असंल त्याचा, दुसरं काय!"

"डोळा नव्हता लागला मामा," भाचा म्हणाला. पण ते कुणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला नाही. दुपारी आक्का आली आणि त्याला गावी घेऊन गेली.

अपघाताचा हिशेब लावताना लोक फार मागं जात नाहीत. त्या क्षणी स्टेअरिंग ज्याच्या हातात, खातं त्याच्या नावावर. त्यात सगळ्यांचीच सोय असते. ट्रॉलीवाल्याची, रस्त्याची, विजेच्या पाळीची आणि गाडी ज्याच्या नावावर आहे त्याचीही.

गाडी ओढून चाचांच्या गॅरेजला आणली. चाचा म्हणजे पत्राकामातला जुना माणूस. जिंतूर रोडला पत्र्याचं शेड, जमिनीत गाडलेले रुळाचे दोन तुकडे आणि त्यांना बांधलेल्या साखळ्या, एवढंच त्याचं भांडवल. बोनेट दुमडलेलं, रेडिएटर इंजिनाला टेकलेलं, डावा मडगार्ड टायरवर बसलेला. अण्णांनी ते सगळं बघितलं आणि दुसऱ्या दिवशी एक यादीच घेऊन आले. पुढं जाड पाईपचं गार्ड. टपावर एलईडीची पट्टी. रुंद टायर. हौद्याला नवा पत्रा. कमानीत आणखी एक पाटा. रंग पांढऱ्याऐवजी काळा. नाहीतरी गाडी खोललीच आहे, विम्याचे पैसे येणारच आहेत, मग एकदाच करून घेऊ, असा सगळा हिशेब. गार्डाचा ॲडव्हान्स त्यांनी जालन्याला, मंठा चौफुलीजवळच्या एका दुकानात देऊनही टाकला होता. (मंठा चौफुली जालन्यात आहे, मंठ्यात नाही; नवखा माणूस फसतो.)

चाचानं यादी घेतली, घडी घातली, खिशात ठेवली. "गार्ड नको लावू अण्णा."

"काहून? गार्ड असतं तर बोनेट वाचलं असतं."

"बोनेट वाचलं असतं. मग त्यो मार कुणी खाल्ला असता?"

चाचा शाळा फार शिकलेला नाही, पण या एका प्रश्नात मोटारींच्या इतिहासाचं एक प्रकरण आहे. गाडी जितकी टणक तितकी सुरक्षित, असं मोटारी बनवणारेही पुष्कळ वर्षं मानत होते. मर्सिडीझमधल्या बेला बारेनी नावाच्या ऑस्ट्रियात जन्मलेल्या अभियंत्यानं ते उलटं केलं. माणसं बसतात तो भाग टणक ठेवा आणि पुढचा-मागचा भाग मुद्दाम चुरगळेल असा करा, म्हणजे धडकेचा जोर पत्रा खाईल, बरगड्या खाणार नाहीत. त्यानं पेटंटसाठी अर्ज केला १९५१ साली, आणि १९५९ पासून तशा गाड्या रस्त्यावर आल्या. पुढं जाड पाईप लावला की तो जोर न चुरगळता सरळ चेसिसला आणि चेसिसमधून आतल्या माणसाला जातो. समोर पायी चालणारा आला तर त्याचं काय होईल ते वेगळंच. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना लिहून कळवलं की असं गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरुद्ध आहे, कारवाई करा. तरीही आमच्या रस्त्यावर चार गाड्यांत एखादी गार्डवाली दिसतेच, कारण गार्ड मजबूत दिसतं, आणि दिसण्याला आमच्याकडं फार किंमत आहे.

अण्णांना दुसरीही एक काळजी होती. भाच्याकडं साधं हलक्या वाहनाचं लायसन. चौकातल्या एका जाणत्यानं सांगितलं की मालवाहू गाडीला ते चालत नाही, क्लेमच्या कागदावर दुसऱ्याचं नाव टाका. अण्णांनी नाव शोधायलाही सुरुवात केली होती. पण विम्याचं काम करणाऱ्या ओळखीच्या मुलानं सांगितलं की सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ ला हा प्रश्न मिटवला. ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचं लायसन पुरतं. खोटं बोलायची गरज एका ठिकाणी तरी अशी आपोआप संपली. अण्णांना हायसं वाटलं.

चाचानं पुढचा पत्रा सोडवला, हौदा उतरवला, चेसिस धुऊन घेतली आणि शेजारच्या बांधकामावरून गवंड्याचा ओळंबा मागून आणला. चेसिसच्या दोन्ही पट्ट्यांवर समोरासमोर असलेली भोकं धरून त्यानं एकेका भोकातून ओळंबा सोडला आणि तो फरशीवर टेकला तिथं खडूची फुली मारली. दहा फुल्या झाल्यावर चेसिसचा नकाशा जमिनीवर उतरला. मग टेप घेऊन कर्ण मोजायला बसला. चौकोन सरळ असेल तर दोन्ही कर्ण सारखे भरतात; इयत्ता आठवीची भूमिती. पुढच्या चौकोनात अकरा मिलिमीटरचा फरक. तो धडकेचा, त्यात नवल नव्हतं. मागचा चौकोन जुळला. मधल्या चौकोनात सहाचा फरक.

धडकेचा हिसका मागपर्यंत जातो, तेव्हा हे सहा मिलिमीटरही ट्रॉलीच्याच नावावर टाकता आले असते. पण चाचा बॅटरी घेऊन खाली गेला. केबिन संपते आणि हौदा सुरू होतो तिथं डाव्या पट्टीला बोल्टाचं एक भोक आहे. त्याच्याभोवती त्यानं फडक्यानं रॉकेल चोळलं, जरा थांबला, कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड चोळली. पूर्वी रेल्वेच्या कारखान्यांत आस तपासायला हीच युक्ती वापरत. भेगेत मुरलेलं तेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर रेघ उमटते. रेघ उमटली. भोकापासून खालच्या कडेपर्यंत, बोटभर लांब.

"अण्णा, आत ये."

अण्णा वय आणि पोट सांभाळत गाडीखाली गेले. चाचानं भिंग धरलं. "ही पुढची बघ, चेसिसच्या शिंगाजवळची. ताजी फाटली. आठ दिवस झाले, वर कोवळा पिवळा गंज आलाय, बोटानं पुसला की खाली लोखंड चमकतंय. आता ही बघ." मधल्या भेगेत गंज काळपट होता, घट्ट बसलेला, त्यात ग्रीस आणि धूळ मुरलेली. चाचानं खिळ्यानं उकरलं तेव्हा त्याची खपली निघाली. "ही आठ दिवसांची न्हाई. दोन पावसाळे तरी बघितलेत हिनं."

मग उजवीकडची कमान. पाटे आसाला धरून ठेवतात ते यू-बोल्ट. नट पूर्ण बसला की त्याच्यावर दोन-तीन आटे तरी उघडे दिसायला हवेत. इथं नटाच्या वर एकही आटा नव्हता. उलट नटातच वरचे आटे रिकामे होते. दोन जादा पाट्यांनी थप्पी जाड झाली होती आणि यू-बोल्ट मात्र जुन्याच मापाचे. अर्ध्या आट्यांवर धरलेला नट ढिला होणारच. तो ढिला झाल्यावर सगळा ताण पाट्यांच्या मधल्या सेंटर बोल्टवर आला आणि तो तुटला. तुटलेल्या तोंडावरही तोच काळा गंज, घासून गुळगुळीत झालेला. आस उजव्या बाजूनं मागं सरकला होता. मागचा आस असा तिरका झाला की गाडी खेकड्यासारखी अंग टाकून चालते, आणि ब्रेक लागला की तो आणखी मागं सरकतो.

"मग गाडी कुणीकडं ओढंल?" चाचानं विचारलं.

अण्णांनी उत्तर दिलं नाही. त्यांना ते ठाऊक होतं. दोनदा सांगितलेलं होतं.

जादा पाट्यांची गोष्ट अशी असते की वजन कुठं तरी वाकायलाच हवं. कमान वाकायला केलेली आहे. तिला वाकू दिलं नाही, तर ते काम चेसिसवर येतं, आणि चेसिस त्यासाठी केलेली नाही. गाडी वरून मजबूत दिसत होती तेव्हाच ती आतून फाटत होती. अण्णांनी हे दोन वर्षं बघितलं नाही असं म्हणता येणार नाही. त्यांनी हौदा बघितला, टायर बघितले, भाचा बघितला. खाली वाकून बघितलं नाही.

विम्याचा सर्व्हेअर दुसऱ्या दिवशी अकराला येणार होता. मागच्या बाजूचं काम, म्हणजे चेसिसची भेग, पाटे, यू-बोल्ट आणि हौदा उतरवून चढवण्याची मजुरी धरून अठ्ठावीस हजारांवर जात होतं. विमा अपघाताचं नुकसान देतो, झिजेचं देत नाही. भेग अपघाताची ठरली तर विमा. जुनी ठरली तर खिसा. दोन्हींच्या मधे फक्त गंज होता.

संध्याकाळी अण्णा गॅरेजला आले. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाले, "चाचा, त्या भेगेवरनं ग्राइंडर फिरवला तर?"

चाचा हात धूत होता. नाही म्हणाला नाही, भाषणही दिलं नाही. म्हणाला, "ग्राइंडर थितं हाय. वायर लावलेली हाय. चष्मा घाल, ठिणगी डोळ्यात जाती. मी नमाज पढून येतो." आणि गेला.

अण्णांनी चष्मा घातला. गाडीखाली गेले. ग्राइंडर सुरू केला आणि भेगेच्या वरच्या टोकाला टेकवला. ठिणग्या उडाल्या, इंचभर लोखंड चांदीसारखं निघालं. काम सोपं होतं. एखाद मिनिटात सगळं संपलं असतं.

तेवढ्यात शेडच्या दारात सायकल उभी केल्याचा आवाज आला. भाचा होता. केबिनमध्ये त्याचा जेवणाचा डबा आणि आयटीआयच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स राहिली होती. एका वर्कशॉपला काम बघायला जायचं म्हणून न्यायला आला होता. मामा गाडीखाली आहेत हे त्याला पायांवरून कळलं. तो बोलला नाही. डबा घेतला, कागद घेतला. जाता जाता त्याची नजर जमिनीवरच्या खडूच्या फुल्यांवर गेली आणि फिटरच्या सवयीनं तो उभा राहिला. फुल्या मोजल्या. कर्णांवर लिहिलेले आकडे वाचले. मधल्या चौकोनापाशी बसला.

"मामा, हे सहा कशाचं?"

अण्णा ग्राइंडर हातात धरून आडवे पडलेले. आता विचार करा. 'धडकेचं' एवढा एकच शब्द पुरे होता. पोरगा ट्रॉलीला धडकलेला, पोराला तो शब्द पटलाही असता. आपण डावीकडं ओढणाऱ्या गाडीबद्दल काही सांगितलं होतं, हेही त्यानं हळूहळू विसरायला घेतलं असतं. तो गंज पुसला की भाच्याच्या बाजूनं बोलणारं जगात दुसरं काही उरत नव्हतं.

"जुनं हाय ते," अण्णा गाडीखालून म्हणाले.

"किती जुनं?"

"तू म्हणायलास तवापासनं."

भाचा थोडा वेळ बसून राहिला. मग उठला, ग्राइंडरचा स्विच भिंतीवरून बंद केला आणि सायकल घेऊन निघून गेला. रागानं की कसा, ते अण्णांना गाडीखालून दिसलं नाही.

सर्व्हेअर अकराऐवजी दीडला आला. पुढचं सगळं बघितलं, फोटो काढले, प्लास्टिक-रबरावर निम्मी घट कशी धरतात आणि लोखंडावर गाडीच्या वयाप्रमाणं कशी धरतात ते सांगितलं. मग भेगेपाशी आला. इंचभर चकचकीत, बाकी काळी.

"हे काय? इथं ग्राइंडर कुणी लावला?"

चाचानं अण्णांकडं बघितलं नाही. तो नट शोधत होता, किंवा शोधल्यासारखं करत होता.

"मी लावला साहेब," अण्णा म्हणाले. "जुनी भेग हाय. गाडीत जास्त वजन टाकत व्हतो. ती धरू नका."

सर्व्हेअर हसला वगैरे नाही. त्यानं यादीतल्या चार ओळींवर रेघ मारली. "धरणारच नव्हतो. आतलं काळं दिसतंय की." म्हणजे अठ्ठावीस हजार तसेही गेलेच होते. प्रामाणिकपणानं अण्णांना एक रुपया मिळाला नाही, आणि खोटेपणानंही मिळाला नसता. बोधकथेतल्या माणसाला बक्षीस मिळायची रीत आहे. अण्णांना बिल मिळालं.

पुढचं काम तीन आठवडे चाललं. चाचानं पुढची शिंगं साखळ्या लावून, जॅकनं ताण देत, रोज थोडी थोडी ओढली. गॅस लावून लाल केलं तर तासाभरात सरळ होतात, पण तापवलेलं लोखंड आपली ताकद घालवून बसतं, म्हणून तो थंडच ओढतो. मधल्या भेगेच्या टोकाला आधी बारीक भोक पाडलं, म्हणजे भेग पुढं पळत नाही. मग ती व्ही आकारात कोरली, बॅटरीच्या तारा सोडून वेल्डिंग केलं आणि वरून पट्टी मारली. पट्टी चौकोनी नाही, दोन्ही टोकांना निमुळती, कारण सरळ उभ्या वेल्डिंगच्या रेघेवर चेसिस पुन्हा फाटते. जादा पाटे काढून टाकले. यू-बोल्ट योग्य मापाचे आणले, आणि शंभर किलोमीटर चालवून आलं की पुन्हा कसायचे अशी तंबी दिली. कर्ण पुन्हा मोजले. मधल्या चौकोनाचा फरक एकावर आला. चाचा म्हणाला, शून्य कंपनीतनं येतानाही नसतो.

रंग पांढराच राहिला.

हे सगळं चालू असताना एका रविवारी अण्णा आक्काच्या गावी गेले. तळणीच्या पुढं, पूर्णेच्या बाजूला. हाड मोडलेल्या गड्याच्या घरी आधी जाऊन त्याची बुडालेली मजुरी देऊन आले होते. ते आक्काला त्यांनी सांगितलं नाही, गड्याच्या बायकोनं फोनवर आधीच सांगितलं होतं. आक्कानं पाणी दिलं, बस म्हणाली नाही. अण्णा बसले. खिशातून तो जुना यू-बोल्ट आणि तुटक्या सेंटर बोल्टाचे दोन तुकडे काढले आणि भाच्यासमोर ठेवले. माफीबिफी मागायचं त्यांच्या पिढीतल्या मामाला जमत नाही, आणि मागितली असती तर ऐकणारेच अवघडले असते.

भाच्यानं तुकडे जोडून बघितले. आट्यांवरून नख फिरवलं. "नट अर्धाच बसलेला."

"व्हय."

"म्हणलं होतं मी."

"म्हणला व्हतास."

आक्का चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "मग दवाखान्याच्या पायरीवर जे बोललास, ते आता कोण्या पायरीवर बोलणार?" अण्णा म्हणाले, "चौकात बोललो. कालच. चाचाच्या गॅरेजला सर्व्हेअर आल्तं तवा बी बोललो." आक्कानं चहाला आधण ठेवलं. त्यावरून बरं चाललंय असं समजायला हरकत नव्हती.

भाचा मात्र लगेच 'येतो' म्हणाला नाही. त्याला वर्कशॉपमध्ये काम मिळायच्या बेतात होतं. त्यानं अटी घातल्या, आणि फिटर असल्यामुळं एकेक मोजून घातल्या. मालाची खेप करायची तर वजनकाट्याची चिठ्ठी घ्यायची, टनाच्या वर एक कट्टा नाही. मागच्या बाकाला पट्टे. एक रात्र जागलो की दुसरी रात्र गाडी दुसरा चालवणार.

"दुसरा कोण?" अण्णा म्हणाले. "एवढ्या धंद्यात दोन ड्रायव्हर परवडत्यात का?"

"गार्ड परवडत होतं."

"आरं पण रात्रीचा फोन आला तर? जळायची मोटार घड्याळ बघून जळती का?"

"मग सकाळी काढू. हरभरा एका रात्रीत वाळत नाही मामा."

यावर अण्णा तासभर भांडले. शेवटी महिन्यातल्या रात्रींचा एक आकडा दोघांनी कबूल केला; तो आकडा अजूनही दर महिन्याला वादात असतो.

गार्डाचा ॲडव्हान्स परत आणायला अण्णा जालन्याला गेले. दुकानदार म्हणाला, पैसे परत होत नाहीत, माल घ्या. अण्णांनी तीन सीटबेल्ट घेतले, नवे टेललाइट घेतले, आणि उरलेल्या पैशाची गाडीला लावायची चमकणारी पट्टी घेतली: पुढं पांढरी, बाजूला पिवळी, मागं लाल. लाल पट्टीचे रोल त्यांनी पाच मागितले. दुकानदार म्हणाला, तुमच्या एका गाडीला अर्धा रोल लागतो. अण्णा म्हणाले, तुम्ही द्या.

ऊसतोड अजून चालू होती. परतताना वाटूर फाट्यावर चहाच्या टपरीसमोर चार-पाच ट्रॉल्या रांगेत उभ्या होत्या. अण्णा उतरले, फडक्यानं पहिल्या ट्रॉलीच्या मागच्या फळीवरची धूळ पुसली आणि लाल पट्टी चिकटवायला लागले. ट्रॅक्टरवाला कप तसाच टाकून धावत आला.

"ओ, काय चिकटवायलाव? पैसे-बियसे मागायचे नाहीत मागून."

"फुकट हाय."

"फुकट?" तो पट्टीकडं बघत, मग अण्णांच्या पांढऱ्या शर्टाकडं बघत म्हणाला, "कोण्या पक्षाकडनं?"